संस्थेतलं ज्ञान राखायचं कोणी? प्रमुख, मधली फळी आणि जुनी माणसं यांच्या जबाबदाऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाण्यातले लहान-मध्यम कारखाने, सहकारी पतपेढ्या, ट्रस्टची रुग्णालयं आणि काही सरकारी कचेऱ्या यांच्याबरोबर काम करताना हे प्रश्न मला सतत विचारले जातात. विचारणारे कधी मालक असतात, कधी विभागप्रमुख, कधी नुकतीच सूत्रं हाती आलेली पुढची पिढी. इथे सगळी उत्तरं एकत्र दिली आहेत.

आमच्या सगळ्या फाइली स्कॅन होऊन सर्व्हरवर आहेत. मग ज्ञान व्यवस्थापन म्हणून वेगळं काय करायचं राहिलं?

बरंच राहिलं. फाइलीत माहिती असते. ती माहिती हाताशी घेऊन ऐन वेळी योग्य निर्णय घेता येणं म्हणजे ज्ञान, आणि त्याचा मोठा भाग माणसांच्या डोक्यात आणि हातात असतो.

मुंबईच्या पाण्याचंच बघा. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा अशा सात तलावांतून पाणी येतं आणि शहराच्या बहुतेक भागांत ते दिवसातले काही तासच सोडलं जातं. मोठ्या जलवाहिन्यांचे नकाशे महापालिकेकडे आहेत. पण कुठल्या गल्लीतली झडप कुठल्या फरशीखाली गेली आहे, किती आटे फिरवले की चढावरच्या शेवटच्या चाळीपर्यंत दाब पोचतो आणि खालच्या वस्तीचं पाणी तुटत नाही, हे त्या भागातल्या चावीवाल्याला विचारावं लागतं. तो रजेवर गेला की बदली माणसाच्या हातात नकाशा असतो, तरी फोन त्याच्याच घरी जातो.

तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी 1960 च्या दशकात हीच गोष्ट मांडली: माणसाला जेवढं सांगता येतं, त्याहून जास्त त्याला माहीत असतं. ज्ञान व्यवस्थापनातली खरी मेहनत या न सांगता येणाऱ्या भागावर घ्यावी लागते.

हे काम आम्ही आयटी विभागाकडे सोपवलं आहे. चालेल ना?

साधन उभं करण्यापुरतं चालेल. जबाबदारी तिथे ठेवू नका. हे काम ज्याच्याकडे द्याल त्याच्या हातात तीन गोष्टी हव्यात: माणसांचा वेळ मोकळा करायचा अधिकार, वार्षिक मूल्यमापनात शब्द टाकायचा अधिकार आणि चुकीची ठरलेली कार्यपद्धत बदलायचा अधिकार. आयटीकडे यातलं सहसा काहीच नसतं. एचआरकडे दुसरी गोष्ट असते, पण पहिली आणि तिसरी नसते. म्हणून जबाबदारी कामाच्या विभागाच्या प्रमुखाची आणि त्याच्या पाठीशी संस्थेचा प्रमुख. बाकी दोघांनी मदतीला असावं.

'चीफ नॉलेज ऑफिसर' नेमायची गरज आहे का?

पन्नास-शंभर माणसांच्या संस्थेत नाही.

हे पद मोठ्या कंपन्यांमधून आलं. स्वीडनच्या स्कँडिया या विमा कंपनीने 1991 मध्ये लेफ एडविन्सन यांना बौद्धिक भांडवलाचे संचालक नेमलं. असं पद जगात बहुधा पहिल्यांदाच निर्माण झालं. पुढे 1990 च्या दशकात सल्लागार कंपन्या आणि बँकांमध्ये चीफ नॉलेज ऑफिसर दिसू लागले. 1996 मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी आपली संस्था कर्जाबरोबर ज्ञानही देणारी बँक व्हावी, असं जाहीर केलं. तिथे हा विषय थेट अध्यक्षांच्या तोंडून आला, म्हणून त्याला वजन आलं.

पद असलं तरी त्या व्यक्तीला दालन आणि व्हिजिटिंग कार्ड देऊन विसरून गेले तर वर्षभरात ती व्यक्ती वार्तापत्र काढणारी होऊन बसते. लहान संस्थेत कारखाना व्यवस्थापकाच्या, मेट्रनच्या किंवा शाखाधिकाऱ्याच्या कामाच्या यादीत ही जबाबदारी लेखी घाला. तेवढं पुरेसं होतं.

मालकांनी किंवा एमडींनी प्रत्यक्ष काय करायचं असतं? भाषण देऊन झालं आहे.

दोन भीती घालवायच्या असतात. नव्या माणसाला वाटतं, विचारलं तर आपण अडाणी ठरू. जुन्या माणसाला वाटतं, सगळं सांगून टाकलं तर आपली गरज संपेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि दोन्ही वरूनच घालवता येतात. संस्थेतल्या ज्ञानाचं नेतृत्व म्हणजे माझ्या मते मुख्यतः एवढंच. बाकीचं काम इतर कोणीही करू शकतं, हे दुसऱ्या कोणाला जमत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं? बैठकीत स्वतः प्रश्न विचारा, आणि ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही असा विचारा. एमडीच 'हे मला कळलं नाही, पुन्हा सांगा' म्हणाले की टेबलाच्या टोकाला बसलेल्या ट्रेनीचं तोंड उघडतं. बिघाड झाला की 'कोणी केलं?' हा पहिला प्रश्न तोंडात येऊ देऊ नका. तो एकदा आला की पुढचे सहा महिने कोणी खरं सांगत नाही.

अमेरिकन लष्कराने 1970 च्या दशकात सरावांनंतरच्या आढाव्याची एक पद्धत बसवली, ती आपल्याकडे छान चालते. चार प्रश्न असतात: काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. जुलैमध्ये तळघरात पाणी शिरून पॅनल बंद पडलं, दोन पाळ्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी अर्धा तास बसा आणि हे चार प्रश्न घ्या. एक पथ्य मात्र कडक पाळा: साहेबांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. आपल्याकडे साहेबांनी कारण सांगितलं की खोलीतल्या सगळ्यांना तेच कारण पटतं.

आणि वेळ द्या. कामाच्या तासांतला. रेल्वेत नव्या मार्गावर गाडी हाती घेण्याआधी मोटरमनला तो मार्ग अनुभवी माणसाबरोबर फेऱ्या करून शिकावा लागतो. सिग्नल कुठल्या वळणाआड आहे, चढ-उतार कुठे आहेत, हे तो ड्युटीवर असताना शिकतो. त्या फेऱ्या कोणी 'जमलं तर करा' म्हणून सोडत नाही. तुमच्या संस्थेत शिकवणं 'जमलं तर' या सदरात असेल, तर ते कधीच जमणार नाही.

मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांची यात काय भूमिका? ते तर सगळ्यात जास्त कुरकुरतात.

कुरकुरतात, कारण काम त्यांच्याच अंगावर येतं. खालच्या माणसाला यंत्र कळतं, वरच्याला संस्था कुठे न्यायची ते कळतं आणि दोघांची भाषा एकमेकांना समजावून द्यायची ती मधल्याने. जपानचे व्यवस्थापनाचे अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी ज्ञान मधून वर आणि खाली पसरतं, असं म्हणून या फळीला केंद्रस्थान दिलं ते याचसाठी.

त्यांनी अभ्यासलेलं मात्सुशिता कंपनीचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. 1980 च्या दशकात घरी ब्रेड भाजणारं यंत्र बनवताना कणीक नीट मळली जाईना. यंत्राने मळलेल्या आणि ब्रेडवाल्याने मळलेल्या कणकेची क्ष-किरण लावून तुलना केली, तरी चूक सापडेना. शेवटी सॉफ्टवेअरचं काम बघणारी एक कर्मचारी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य ब्रेडवाल्याकडे शिकायला गेली. तो कणीक ओढताना तिला पीळ देतो, हे तिच्या लक्षात आलं. तो ते कोणाला सांगत नव्हता, कारण आपण असं काही करतो याची त्याला वेगळी जाणीवच नव्हती. मग अभियंत्यांबरोबर बसून तिने तो पीळ यंत्रात उतरवला. 1987 मध्ये यंत्र बाजारात आलं.

तिला हॉटेलात पाठवायला कोणीतरी 'जा' म्हणालं होतं. तुमच्या मधल्या अधिकाऱ्यांना असं 'जा' म्हणायचा अधिकार आहे का, हे आधी तपासा. नसेल तर त्यांची कुरकुर रास्त आहे.

जुनी माणसं सांगायला तयारच होत नाहीत. काय करावं?

त्यांच्या जागी बसून बघा. तीस वर्षं 'हे फक्त त्यांनाच जमतं' या एका वाक्यावर त्यांचा मान टिकला आहे. गिरण्यांच्या काळात साच्यांची, म्हणजे मागांची, नस जॉबरला (कामगारांच्या मुकादमाला) ठाऊक असायची, कामगार भरतीही त्याच्याच हातात असायची. अशा वातावरणात वाढलेल्या शहरात माणूस आपलं कसब गाठीला बांधून ठेवतो, यात नवल नाही. त्यात 'सगळं लिहून द्या' असं फर्मान आलं की तो पहिला अर्थ काढतो: मला काढायचं ठरलंय.

म्हणून आधी नोकरीची खात्री द्या, आणि ती लेखी असू द्या. मग भूमिका बदला. पदनामात 'मार्गदर्शक' असा शब्द, हाताखाली दोन नवी मुलं, आणि त्या दोघांचं काम सुधारलं तर श्रेय यांच्या मूल्यमापनात. झेरॉक्स कंपनीत कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी 1990 च्या दशकात 'युरेका' नावाची व्यवस्था आली. एखाद्याला दुरुस्तीची नवी युक्ती सापडली की तो ती पाठवायचा, जाणकार सहकारी ती तपासायचे आणि मग ती सगळ्यांसाठी खुली व्हायची, पाठवणाऱ्याच्या नावासकट. त्या नावामुळे लोक लिहू लागले. आपल्याकडेही कार्यपद्धतीच्या कागदाखाली 'ही पद्धत अमुक यांनी बसवली' अशी ओळ टाका. बक्षिसाच्या पाकिटापेक्षा ती ओळ जास्त काम करते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

एवढं करूनही एखादा माणूस बोलत नाही. त्याला बोलतं करायच्या मागे लागू नका. एका हुशार मुलाला त्याच्याशेजारी उभं करा. हात बोलतात.

कर्मचारी तीन महिन्यांत निवृत्त होणार आहे. त्याच्याकडून काय आणि कसं काढून घ्यायचं?

आधी हे मान्य करा की तीन महिने कमी आहेत. वर्षभर आधी सुरुवात करायला हवी होती. पण तेवढेच असतील तर ते पूर्ण वापरा, निरोप समारंभाच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

'तुमचं काम लिहून द्या' असं सांगितलं तर चार पानांचा कागद मिळतो आणि त्यात सगळं आधीच माहीत असलेलं असतं. त्याऐवजी घडलेल्या प्रसंगांवर बसा. असे प्रश्न विचारा:

- गेल्या पावसाळ्यात काय बंद पडलं होतं? तुम्ही सगळ्यात आधी कुठे हात लावलात, आणि तिथेच का?
- मॅन्युअलमध्ये लिहिलंय पण तुम्ही तसं करत नाही, असं काय काय आहे?
- नवा माणूस इथे हमखास कुठे चुकेल?
- अडचण आली की तुम्ही कोणाला फोन लावता? नाव, दुकान, आणि तो माणूस आपलं काम का करतो?

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. लोहार चाळीतला कुठला दुकानदार बंद झालेल्या पंपाचा सुटा भाग शोधून देतो, हे ज्ञान कुठल्याही सर्व्हरवर नसतं.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात असंच एका फिटरबरोबर आम्ही बसलो होतो. पंपाच्या बेअरिंगबद्दल विचारलं तर म्हणाले, "काही नाही, आवाज बदलतो." कागदावर एवढंच आलं असतं. मग त्यांच्याबरोबर पंपापाशी गेलो. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. नंतर तेच दुसऱ्या, चांगल्या पंपावर केलं. नव्या मुलाला म्हणाले, "आधी चांगला ऐक. रोज ऐक. वाईट आपोआप कळेल." त्या मुलाच्या रोजच्या कामात ही फेरी घातली गेली. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओही केला, पण उपयोग झाला तो रोजच्या फेरीचा.

आमच्याकडे सरकारी बदल्या होतात. माणूस रुळतो तोवर जातो. अशा ठिकाणी प्रमुखाने काय करावं?

महाराष्ट्रात बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. म्हणजे बदली हा अपघात नाही, तारीख अंदाजे माहीत असते. तरी चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या, डेड स्टॉक आणि प्रलंबित फाइलींची यादी दिली जाते. कुठल्या प्रकरणात कोणता निर्णय का घेतला, हे मात्र जाणाऱ्याबरोबर जातं. टिपणीत निर्णय असतो. मागे टाकलेला पर्याय आणि तो का टाकला, हे क्वचित असतं. कार्यालय प्रमुखाने चार्ज रिपोर्टला दोन पानांची पुरवणी सक्तीची करावी: चालू असलेली पाच अवघड प्रकरणं, प्रत्येकाची मागची गोष्ट आणि पुढचा धोका. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(क) तर अभिलेखांची सूची करून ते नीट ठेवणं हे कर्तव्यच मानतं, त्यामुळे आधार शोधत बसावं लागत नाही.

ज्ञान असूनही त्याला धनी नसला की काय होतं, हे मुंबईने भोगलं आहे. शहराच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा 'ब्रिमस्टोवॅड' आराखडा 1993 मध्ये तयार होता. त्यातली बरीचशी कामं झाली नव्हती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात कोणतीही गटारं अपुरीच पडली असती, हे खरं. पण त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इथली उदंचन केंद्रं (साचलेलं पाणी पंपाने उपसून टाकणारी) ज्या वेगाने मार्गी लागली, ती त्याच जुन्या आराखड्यातून. या मधल्या वर्षांत निधी, जागा, अतिक्रमणं अशी कारणं होतीच. तरीही दर पावसाळ्यापूर्वी 'यातलं काय झालं, काय राहिलं' हे उत्तर द्यायला बांधील असलेला एक अधिकारी नावानिशी नेमलेला असावा, असं मला ठामपणे वाटतं. कुठल्याही संस्थेतल्या कुठल्याही अहवालाला हे लागू आहे.

कोणत्या भाषेत लिहायचं?

ज्या भाषेत काम चालतं त्या. मुंबईतल्या शॉप फ्लोअरवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी शब्दांची सरमिसळ असते. 'नट टाइट करून एक आटा मागे घ्या' हे तसंच लिहा. ते शुद्ध इंग्रजीत नेलं की ऑडिटरला समजतं आणि चालवणाऱ्याला समजत नाही. ऑडिटसाठी वेगळी प्रत करायची तर करा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळं चालतं. वेगळं सॉफ्टवेअर हवं का?

प्रश्न विचारायला ग्रुप उत्तम आहे, साठवायला वाईट. शुभ सकाळ आणि वाढदिवसांच्या खाली उत्तर गाडलं जातं, आणि माणूस नोकरी सोडताना त्याच्या फोनबरोबर ते जातं. एकाला काम द्या: दर शनिवारी ग्रुपमधले उपयोगी प्रश्न आणि उत्तरं सामायिक फोल्डरमध्ये किंवा साध्या वहीत उतरवायची. सॉफ्टवेअर त्यानंतर, गरज कळल्यावर. एआय चॅटबॉट विकायला येणाऱ्यांनाही हेच सांगा. जे कुठे नोंदलंच नाही ते तो सांगू शकत नाही, आणि जुनी रद्द झालेली पद्धत फोल्डरमध्ये असेल तर तीही तो आत्मविश्वासाने सांगेल.

आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकांच्या) प्रमाणपत्रासाठी हे लागतं का?

हो. आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत कलम 7.1.6 संस्थेच्या ज्ञानाबद्दल आहे. ज्ञान व्यवस्थापनाचं स्वतंत्र मानक, आयएसओ 30401, 2018 मध्ये आलं. त्यात वरिष्ठ नेतृत्वाच्या बांधिलकीवर वेगळा भर आहे. प्रमाणपत्रासाठी म्हणून सुरुवात केली तरी हरकत नाही, फक्त तिथे थांबू नका.

शिकवून तयार केलेला माणूस स्पर्धकाकडे गेला तर?

जाईल कधीतरी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये, असा करार सहसा टिकत नाही. गोपनीय माहिती न देण्याचा करार वेगळा, तो जरूर करा. पण या भीतीने शिकवणंच बंद केलं तर जो राहील तो न शिकलेला राहील. एका कामाला किमान दोन माणसं तयार ठेवा. मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राने 1957 पासून स्वतःचं प्रशिक्षण विद्यालय चालवलं आहे आणि तिथे केंद्रातले शास्त्रज्ञच शिकवतात. दरवर्षी नवी तुकडी येत असली की एक माणूस गेल्याने काम अडत नाही.

यश मोजायचं कसं?

किती कागद अपलोड झाले, हे मोजू नका. नव्या माणसाला एकट्याने पाळी सांभाळायला किती आठवडे लागतात, तोच बिघाड पुन्हा किती वेळा येतो, आणि अमुक एक माणूस रजेवर असताना त्याला किती फोन जातात, हे मोजा. तिसरा आकडा टेलिफोन ऑपरेटरलाही सांगता येतो.

निवृत्त माणसाला सल्ल्यासाठी परत बोलावलं तर पैसे द्यावेत का?

द्यावेत, आणि ठरवून द्यावेत: महिन्यातले ठरावीक दिवस, ठरावीक मानधन, येण्या-जाण्याचा खर्च. विरार किंवा बदलापूरहून लोकलने येणाऱ्या साठीच्या माणसाला 'चहाला या' म्हणून बोलावून दुपारभर यंत्रापाशी उभं करणं योग्य नाही. पत्रात एक अट घाला, की ते दुरुस्ती स्वतः करणार नाहीत. स्पॅनर नव्या माणसाच्या हातात राहील, ते शेजारी बसतील. नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा त्यांनाच फोन करावा लागतो.